डावखुरा इकेंगा

तुमच्या संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काचेच्या कपाटात चोरीचा माल आहे. हे मी तुम्हाला तोंडावर सांगितलं तेव्हा तुम्ही चहा मागवलात. "आजोबा, आधी शांत व्हा, मग बोलू," म्हणालात. शांतच होतो. चाळीस वर्षं शांत होतो, त्याचंच तर हे फळ आहे. चहा मी प्यालो नाही. तुमच्या शिपायानं कप परत नेला आणि कपाबरोबर माझं बोलणंही नेलं. म्हणून आता लिहितो. लिहिताना मध्ये कुणी चहा आणत नाही.

"ए इंडिया, तुझा उजवा हात काय करतो? झोपतो?"

गिरणीच्या खडखडाटात उदेम्बा माझ्या कानाशी ओरडला. हे त्याचं माझ्याशी पहिलं बोलणं. मी मागाखाली वाकून डाव्या हातानं पाना फिरवत होतो.

"झोपत नाही. बघतो," मी म्हणालो.

तो पोट धरून हसला. शेजारच्या मागावर धागा तुटून कापडात भोक पडत होतं, तरी त्याचं लक्ष नाही. तो त्या खात्याचा मुकादम होता, बरं का. आम्ही दोघंही मोडकं इंग्रजी बोलायचो. त्याचं एका बाजूनं मोडलेलं, माझं दुसऱ्या बाजूनं. जोडलं की पुरायचं.

मी महादेव बुगड. इचलकरंजीचा. मागाचा जॉबर, म्हणजे बंद पडलेला माग चालू करणारा माणूस. नायजेरियात, नायजर नदीच्या पूर्वेला, इग्बो लोकांच्या मुलखात आपल्याकडच्या एका शेठजीनं कापड गिरणी काढली होती. १९८१ साली करारावर मला तिकडं नेलं. अधिकारी एका कुंपणात राहायचे, कामगार गावात. मी दोन्हीकडचा नव्हतो. कुंपणाच्या आत होतो, पण नोकरांच्या खोल्यांच्या रांगेत, टोकाच्या खोलीत. मॅनेजर होते जहागीरदार साहेब, पुण्याचे. आपलं माणूस भेटलं म्हणून मी हरखलो. पहिल्याच दिवशी ते इंग्रजीत म्हणाले, "बुगड, ऑफिसात मराठी नको. बाकीच्यांना बरं दिसत नाही." ऑफिसाबाहेर ते मला भेटत नव्हते. म्हणजे मराठी संपलं.

रविवारी दुपारी तर कुत्रंसुद्धा भुंकायचं नाही त्या कुंपणात. मग मी पेटीतला धोटा काढायचो. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळतं ते लाकूड, दोन्ही टोकांना निमुळतं. वडिलांच्या मागावरचा होता, निघताना पेटीत टाकला होता. तो मांडीवर घेऊन त्याच्याशी बोलायचो. काय बोलायचो? "आज भात करपला." "शांताचं पत्र नाही." असलंच. शांता माझी बायको. ती तिकडं, मी इकडं, आणि मध्ये समुद्र.

खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी माग बंद. हत्यारं धुवायची, हळदीकुंकू लावायचं, नारळ फोडायचा. इथं माग बंद करायची माझी काय बिशाद! मी आपला जेवणाच्या सुट्टीत एका कोपऱ्यात पाना, हातोडी, वडिलांचा धोटा मांडला. झेंडू मिळेना, कुंपणावरची कसली तरी पिवळी फुलं वाहिली. नारळ मात्र तिथं पैशाला पासरी.

उदेम्बा मागं येऊन उभा राहिला. "हे काय? लोखंडाला जेवू घालतोस?"

"आज हत्यारांचा दिवस. ज्या हातानं खातो त्या हाताचा."

मी थट्टेची वाट बघत होतो. मी खोबऱ्याचा तुकडा दिला तो त्यानं चावून खाल्ला, धोट्यावरचं कुंकू निरखून बघितलं आणि म्हणाला, "संध्याकाळी घरी ये. तुला माझा हात दाखवतो."

त्याचं घर मातीच्या भिंतीचं, पत्र्याचं. पुढं पुरुषांची बैठक. तिथं त्याचा थोरला भाऊ इलोका बसला होता. केस पांढरे, नजर बाभळीच्या काट्यासारखी. उदेम्बानं कोलाचं फळ फोडलं. कोला म्हणजे त्यांच्याकडचं पानसुपारीसारखं, ते दिल्याशिवाय पाहुणा आला असं धरत नाहीत. फोड माझ्यापुढं आली आणि मी हात केला. डावा.

इलोकानं तोंड फिरवलं. मला कळलं. कळायला मला नायजेरियाला जायची गरज नव्हती. या हातावर आईनं चिंचेच्या फोकानं मारलं होतं. गुरुजींनी तो पाठीमागं बांधून ठेवला होता. देवळात प्रसाद घेताना तर अजून माझा जीव वर-खाली होतो. एका मागाला तेवढा तो चालला, मागाला सोवळं-ओवळं नसतं.

"दादा, रागावू नकोस," उदेम्बा भावाला म्हणाला. "याच्या घरी उजवी बाजू डावीकडं असते."

आतून त्याची बायको उगोये बोलली, "माझा नवरा दोन्ही हातांनी खातो. त्याला कधी कुणी बोललं नाही!"

सगळे हसले. इलोका सोडून.

मग उदेम्बानं मला कोपऱ्यात नेलं. तिथं भिंतीशी एक लाकडी माणूस बसला होता. हातभर उंच. डोक्यावर दोन शिंगं, मागं वळलेली. उजव्या हातात सुरा, उभा धरलेला. अंगावर ताडीचे, कोलाचे, कोंबड्याच्या रक्ताचे थर बसून तो काळा तुकतुकीत झाला होता.

"हा माझा इकेंगा," उदेम्बा म्हणाला. "म्हणजे माझा उजवा हात. मी जे काही केलं, घर, मुकादमी, ही तोंडाळ बायको, ते यानं केलं. याला खायला घालतो. रविवारी चर्चला जायच्या आधी घालतो, म्हणजे दोघंही खूश."

"देव आहे?"

"देव वर आहे. हा मी आहे."

मी त्या सुऱ्याकडं बघत होतो. मला माझी हळद लावलेली हातोडी आठवत होती. कुणाला सांगणार हे? सांगायची गरजच नव्हती. तो बघत होता आणि त्याला दिसत होतं. त्या मुलखात तेवढा एक माणूस होता ज्याला काही समजावून सांगावं लागत नव्हतं.

दोन-तीन महिन्यांनी त्यानं माझ्यासमोर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. सोडलं, तर इकेंगा. तशीच शिंगं, तसाच बसलेला. पण उचललेला हात डावा. आणि हातात सुरा नाही, धोटा. मधली खाच, दोन्ही निमुळती टोकं, सगळं.

"सुतार भांडला माझ्याशी," उदेम्बा म्हणाला. "म्हणाला, असला उलटा माणूस मी जन्मात केला नाही. मी म्हटलं, असला उलटा माणूस आहे, चल दाखवतो. तो लपून तुला बघून गेला गिरणीच्या फाटकावर."

त्याच्या बैठकीत त्यानं तो रीतसर बसवला. कोला चावून त्यावर थुंकला, ताडी शिंपडली, कोंबडा कापला. इलोका कुरकुरत होता. परक्याला कसला इकेंगा, याचं गोत कुठलं, याच्यामागं कोण? उदेम्बा म्हणाला, "याच्यामागं मी." आणि मला म्हणाला, "आता हा तू आहेस. सांभाळ. आजपासून मी तुला न्वाने म्हणणार."

न्वाने म्हणजे एका आईचं लेकरू. भाऊ.

"आणि मी मेलो की?" मी चेष्टेत विचारलं.

"मेलास की फोडायचा," तो म्हणाला. "उभा चिरायचा. अर्धा तुझ्याबरोबर जमिनीत, अर्धा रानात फेकून. आमच्या गावात असंच करतात. जिवंत आहे तोवर हात वर. मेल्यावर खाली यायला नको? हात वर करून माणूस झोपेल कसा?"

"आणि नाहीच फोडला तर?"

उदेम्बा हसायचा थांबला. उत्तर इलोकानं दिलं. "मग तो राबत राहतो. इथलाही नाही, तिथलाही नाही. त्याला कुणी झोप म्हणत नाही."

मी तो खोलीवर आणला. रविवारी आता धोट्याशी बोलायचो नाही. हातात धोटा धरलेला माणूसच होता बोलायला.

आता जहागीरदार साहेबांचं सांगतो. त्यांच्या नावाचं तुम्ही दालन केलंय, तर ऐका. त्यांना लाकडी वस्तूंचा नाद होता. मुखवटे, शिंगवाले पुतळे, देवळाच्या चौकटी. बंगल्यात दिवाणखान्याच्या एका भिंतीला काचेचं कपाट. साहेबांना पारख होती असं सगळे म्हणतात. मी म्हणतो, भूक होती. पारख असलेला माणूस वस्तूकडं बघतो. हे कपाटाकडं बघायचे, कुठं जागा उरलीय ते.

एकदा ते उदेम्बाच्या घरी आले. इकेंगा बघितला आणि म्हणाले, "विकतोस?"

उदेम्बानं उजवा हात लांब करून त्यांच्यापुढं धरला. "साहेब, हा पण न्यावा लागेल. दोन्ही जोडलेले आहेत. करवत आणू?"

साहेब हसले. "विचार कर," म्हणाले. मी बाजूला उभा होतो. माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही.

पुढच्या वर्षी उदेम्बा मेला. मोटरसायकलवरून बाजारातून येत होता, समोरून लाकडाची लॉरी, तिचा टायर फुटला. संपलं. यात कुणाचा दोष नव्हता, म्हणून ते जास्त वाईट. कुणाला शिव्या द्यायच्या?

त्यांच्यात घराच्या अंगणातच पुरतात. मी सुट्टी मागितली नाही, सरळ गेलो. पुरुष मागच्या बाजूला खड्डा खणत होते, मीही कुदळ घेतली. तेवढ्यात साहेबांची गाडी आली. फुलांचं चक्र घेऊन स्वतः आले. उगोयेला नमस्कार केला. म्हणाले, "मला त्याच्या बैठकीत दोन मिनिटं एकट्याला बसू द्या." गावाला केवढं मोठं वाटलं ते! एवढा मोठा माणूस, मुकादमासाठी डोळे मिटून बसतोय. दाराशी असलेले सगळे लोक मागं सरले. बायकांनी रडणं हळू केलं.

साहेब काढलेला कोट काखेत गुंडाळून घेऊन गेले. इलोका आत गेला, कारण इकेंगा फोडायची वेळ झाली होती. आणि तसाच बाहेर आला. ओरडला नाही. नुसता दारात उभा राहिला, रिकामे हात पुढं धरून.

कोपरा मोकळा होता. भिंतीवर तेवढा काळा डाग.

"पाहुणा मेलेल्याजवळ बसला होता," इलोका म्हणाला. "आम्ही त्याची पाठ राखली."

कुणी जाऊन मागावं? अर्धं गाव साहेबांच्या गिरणीत कामाला. पोलिस चौकीचा पंखा सुद्धा गिरणीनं दिलेला. लोक एकमेकांकडं बघायला लागले. उगोये घरातून बाहेर आली. ती रडत नव्हती. ती माझ्यापुढं उभी राहिली.

"तू त्या कुंपणात राहतोस," ती म्हणाली. "त्याला भाऊ म्हणत होतास ना? मग तो असा हात वर करून खड्ड्यात जाणार आहे का?"

इलोकानं पुरणं थांबवलं. उद्यापर्यंत, म्हणाला. त्याहून जास्त ठेवता येणार नव्हतं, उन्हाळा होता.

दिवस बुडायच्या आत मी बंगल्यावर गेलो. साहेब व्हरांड्यात बसले होते. उघड्या दारातून मागचं कपाट दिसत होतं, आणि कपाटात उदेम्बा. मधल्या फळीवर.

"साहेब, मराठीत बोलू?"

"बोल."

"उदेम्बाच्या घरातली वस्तू तुमच्याकडं आलीय."

"कोण म्हणतं?"

"मला दिसते आहे. इथून."

त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही. "कुणीतरी विकायला आणली. मी घेतली. इथं काय, सगळं विकायला येतं."

"ती फोडायची असते साहेब. त्याला पुरायच्या आधी."

"फोडायची?" साहेबांच्या तोंडावर मला पहिल्यांदा खरं दुःख दिसलं. देवाशपथ सांगतो, उदेम्बा गेल्याचं ऐकून ते दिसलं नव्हतं. "एवढं जुनं काम, एवढा सुंदर नमुना, आणि फोडून टाकायचा? बुगड, अरे मी तो वाचवला!"

"तुमच्या देव्हाऱ्यातला टाक असा कुणी वाचवला तर?"

"जीभ सांभाळ. देव आणि ही बाहुली एक का?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "सुताराला सांग, दुसरा करून दे म्हणावं. खर्च गिरणी देईल. तुझा करार मार्चला संपतो ना रे?"

संपत होता. ते त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

मी खोलीवर आलो. माझा इकेंगा खिडकीत बसला होता, डावा हात वर करून. मी त्याच्याकडं बघत बसलो. काही मोठा विचार केला असं नाही. एवढंच कळत होतं की कपाटात जागा रिकामी दिसली तर पोलिस सरळ उगोयेच्या अंगणात जातील, खड्ड्यापाशी.

सकाळी साहेब गिरणीत गेल्यावर मी पिशवी घेऊन बंगल्यावर गेलो. बाईसाहेबांनी दार उघडलं. साहेबांची बायको. वर्षभरात मी त्यांना कुणाशी बोलताना बघितलं नव्हतं. सगळा दिवस त्या त्या कपाटासमोर बसून विणकाम करायच्या.

"काय रे?"

"कपाटाची काच अडकते म्हणे. बघतो."

"कोण म्हणे?"

त्यांनी पिशवीकडं बघितलं, पिशवीतून शिंगांची टोकं वर आली होती.

"काल संध्याकाळपासून मला तिकडं बघवत नाही," त्या म्हणाल्या. "मेलेल्याचं घरात आणू नये. मी बोलले यांना. माझं कोण ऐकतं?" मग पदर खोचला. "मी पोहे टाकते. फोडणी तडतडली की मला बाहेरचं काही ऐकू येत नाही. आणि हे बघ, काच पुसून ठेव. यांना बोटांचे ठसे दिसतात, बाकी काही दिसत नाही."

कधी नव्हे ते कुणीतरी माझ्याशी घरच्यासारखं मराठी बोललं, आणि मी चोरासारखा उभा होतो. मी काच सरकवली. उदेम्बाला उचललं, पिशवीत घातलं. त्याच्या जागी मी मला ठेवलं. रंगानं थोडा उजळ होता, म्हणून मागच्या रांगेत सरकवला. काच पुसली. निघताना बाईसाहेबांनी केळीच्या पानात पोहे बांधून दिले. मी ते वाटेत एका झाडाखाली ठेवून दिले, गिळवले नसते.

जहागीरदार साहेबांना कधीच कळलं नाही. हयातभर गिरणी चालवलेला माणूस, स्वतःच्या कपाटात धोटा घेऊन बसलेला जॉबर त्यांना दिसला नाही. मोजायला एक कमी नव्हता, त्यांचं भागलं.

अंगणात सगळे उभे होते. इलोकानं इकेंगा घेतला, खड्ड्याच्या काठावर उभा ठेवला आणि कोयत्याचा एक घाव घातला, वरून खाली. आवाज काही विशेष झाला नाही. सरपण फोडल्यासारखा. आतलं लाकूड पांढरंशुभ्र निघालं, त्याचं मला नवल वाटलं. इतका काळा माणूस आतून नुकता कापल्यासारखा. अर्धा भाग त्यानं उदेम्बाच्या उजव्या हाताशी ठेवला. दुसरा, मान न वळवता, भिंतीपलीकडं रानात फेकला.

तेव्हा उगोये रडली. "गेला," म्हणाली. "आता गेला."

लोक माती लोटत होते तेव्हा इलोका माझ्याजवळ आला.

"त्यानं कसा दिला?"

"दिला नाही. बदलून आणला."

"कशाशी बदलला?"

मी सांगितलं. मग ज्या हाताकडं बघून त्यानं तोंड फिरवलं होतं तो माझा डावा हात त्यानं दोन्ही हातांत घेतला. मातीनं भरलेले होते दोघांचेही.

"हे उदेम्बानंही केलं नसतं," तो म्हणाला. "परत आण. ऐकतोस? तो सुतार चिडका आहे, पण त्यानं तुलाच केलाय, दुसऱ्या कुणाला नाही. परत आण. मी आहे तोवर मी फोडीन. मी नसलो तर इथला कुणीही फोडील, मी सांगून ठेवीन. पण तिथं, त्या काचेत, तुझं कोण करणार?"

"आणतो," मी म्हणालो.

आणता आला नाही. पुढच्याच आठवड्यात बाईसाहेब पुण्याला गेल्या, बंगल्याला दिवसभर कुलूप आणि फाटकाला पहारेकरी आला. मार्चला माझा करार संपला. विमानतळावर सोडायला कुणी आलं नाही. येणारा अंगणात होता.

परत येऊन मी माग चालवले, दुसऱ्यांचे. शांता गेली त्याला नऊ वर्षं झाली. पोरबाळ नाही. माग भंगारात गेले. डावा हात आता थरथरतो, कप धरवत नाही, हे तुम्हाला तुमच्या ऑफिसात दिसलं असेल किंवा नसेल. मी कधी कुणाला हे सांगितलं नाही. इकेंगा म्हटलं की आधी नायजेरिया सांगावं लागतं, मग इग्बो, मग उदेम्बा, आणि तोवर ऐकणारा मोबाइल बघायला लागतो.

गेल्या महिन्यात शेजाऱ्यांच्या पोराचं लग्न तुमच्या शहरात होतं. परतीच्या गाडीला वेळ होता, ऊन होतं, तुमच्या दारात सावली होती. म्हणून आत आलो. दुसऱ्या मजल्यावर पाटी दिसली: जहागीरदारांचा आफ्रिका संग्रह, कुटुंबीयांकडून भेट. पाय थांबले. आणि मग तो दिसला. आता मागच्या रांगेत नव्हता. एकटा होता, एका वेगळ्या कपाटात, वरून दिवा सोडलेला. डावा हात वर.

खाली लिहिलं होतं: इकेंगा. इग्बो जमात. दुर्मिळ डावखुरा नमुना. हातात होडी.

होडी! मी मोठ्यानं हसलो. तुमचा रखवालदार धावत आला. मग मी काचेवर हात ठेवला, डावा, आणि त्यानं तो बाजूला केला. हात लावायचा नाही म्हणाला.

मग मी तुमच्याकडं आलो. सगळं सांगितलं. तुम्ही म्हणालात, पुरावा काय? मी हात दाखवला. तुम्ही म्हणालात, आजोबा, तुमच्या भावना समजतात, पण बाहेर असता तर याला कधीच वाळवी लागली असती, आम्ही तो वाचवलाय. तोच शब्द. जहागीरदार साहेबांनी तुम्हाला वस्तूंबरोबर हा शब्दही भेट दिलेला दिसतो. आणि मग तुम्ही माझं समाधान व्हावं म्हणून म्हणालात, "काळजी करू नका. औषध मारलंय, आतली हवा सुद्धा यंत्रानं ठेवतो. अजून शंभर वर्षं याला काहीही होणार नाही."

शंभर वर्षं. हे तुम्ही मला हसून सांगितलंत.

तो मला घरी आणून बसवायचा नाही. कुणासाठी बसवू? घरात मी आणि एक खुर्ची. तुमच्या दालनाचं नाव बदला असंही म्हणत नाही, जहागीरदार साहेब राहू देत भिंतीवर. चोरीची तक्रारही नको. चोरी मीच केली होती, आणि पुन्हा करीन.

पण इलोका तेव्हाच सत्तरीचा होता. उगोयेचं मला माहीत नाही. तिकडचं कुणी उरलं नसणार ज्याला हे सांगून ठेवलं होतं, आणि इकडं कधी कुणी नव्हतंच. राहिलात तुम्ही. किल्ली तुमच्याकडं आहे.

माझे फार दिवस नाहीत. डॉक्टरनं सांगितलं असं नव्हे, माझं मला कळतं, मागाचा आवाज बदलला की कळतं तसं. तेव्हा मला एकाच गोष्टीचं उत्तर द्या, आणि मी आहे तोवर द्या. मी मेलो की ती काच कोण उघडणार? त्याला उभा चिरणार कोण? मला झोप म्हणणारा तुमच्या त्या तीन मजल्यांत कोण आहे?

चहा नको. नाव सांगा.